कुटुंबासह पहिली क्रूझ सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की क्रूझविषयीचे प्रश्न येऊ लागतात, आणि नावे बदलली तरी प्रश्न बहुधा तेच असतात. येथील उत्तरे प्रामुख्याने मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या आणि सिंगापूरहून निघून तिथेच परतणाऱ्या छोट्या फेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक वेगळी अडचण येते, तिच्यासाठी प्रश्न १६ राखून ठेवला आहे.

१. पहिल्यांदाच जात आहोत. किती दिवसांची क्रूझ घ्यावी?

तीन रात्रींची घ्यावी, असे माझे मत आहे. एका रात्रीच्या फेरीत दुपारी जहाजावर चढणे, सुरक्षेची कवायत, रात्रीचे जेवण आणि सकाळी पुन्हा सामान आवरणे एवढेच होते. जहाज कळायच्या आत उतरायची वेळ येते. उलट सात रात्रींची फेरी घेतली आणि घरातल्या एकाला समुद्र मानवला नाही, तर मधेच उतरून घरी जाता येत नाही. ज्या फेरीत एक दिवस बंदरात आणि एक पूर्ण दिवस समुद्रात जातो, ती पहिल्या अनुभवासाठी चांगली, कारण या दोन दिवसांपैकी आपल्या कुटुंबाला कोणता अधिक आवडतो हे त्यात समजते.

२. मुंबईत जहाज नेमके कुठून सुटते? गेटवेवरून की भाऊच्या धक्क्यावरून?

दोन्हीकडून नाही. गेटवेवरून मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँच सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच आणि मांडव्याची रो-रो बोट सुटते. मोठी प्रवासी जहाजे बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवर लागतात, आणि तिथे जाण्यासाठी टॅक्सीवाल्याला बॅलार्ड इस्टेटमधील ग्रीन गेट सांगावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे अंतर फार नाही. घरातील ज्येष्ठांच्या मनात कोकणची आगबोट म्हणजे भाऊचा धक्का हे समीकरण पक्के असल्यामुळे दोन गाड्यांतून निघालेल्या कुटुंबाची एक गाडी हमखास तिकडे वळते, म्हणून सर्वांना ठिकाण आधीच लेखी पाठवून ठेवावे.

३. कोणत्या महिन्यांत जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत शांत असतो. जून ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो; पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच होड्या पाण्यात लोटण्याची कोळी समाजाची रीत आहे. मुंबईहून फेऱ्या करणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाजही पावसाळ्यात चेन्नईकडे नेऊन तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या गेल्या आहेत. सप्टेंबरमध्ये हंगाम पुन्हा सुरू होतो. मात्र ज्यांना बोट लागते (प्रश्न ९ पाहा) त्यांनी आणखी महिनाभर थांबलेले बरे.

४. आजी ‘रामदास’ बोटीची आठवण काढते आणि जायला नको म्हणते. तिला काय सांगावे?

तिची भीती खोटी आहे, असे सांगू नये. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्यामुळे सकाळच्या अपघाताची बातमी मुंबईत पोचायला जवळजवळ संध्याकाळ झाली. कोकणातल्या आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांत ही आठवण अजून जिवंत आहे.

आजीला सांगण्यासारखे आहे ते त्यानंतर काय बदलले ते. आजची क्रूझ जहाजे ऐन पावसाळ्यात या किनाऱ्यावरून सहसा निघत नाहीत, ती सतत संपर्कात असतात, आणि जहाजावरील प्रत्येकाला पुरतील इतक्या जीवनरक्षक नौका आणि तराफे त्यांच्यावर असावेच लागतात. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रवाशांची सुरक्षा-कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घ्यावी लागते. हा नियमही अपघातातूनच आला: जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळले तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, कारण तोवर ती चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे.

म्हणून या कवायतीला कंटाळा करू नये. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे धोक्याची सूचना, हे मुलांनाही पाठ करून द्यावे. आपले जमण्याचे ठिकाण केबिनच्या दारामागे लिहिलेले असते. आजीला हाताला धरून तिथपर्यंत एकदा चालत नेले, तर तिची अर्धी भीती तिथेच उतरते.

५. देशांतर्गत फेरीसाठी कोणती कागदपत्रे लागतात, आणि नावांत फरक असेल तर?

प्रौढांना छायाचित्र असलेले मूळ सरकारी ओळखपत्र लागते: आधार, पारपत्र, मतदार ओळखपत्र. लहान मुलांसाठी आधार किंवा जन्मदाखला चालतो. तरी आरक्षण करताना जहाज कंपनीची यादी वाचून घ्यावी. भ्रमणध्वनीतील छायाचित्रावर विसंबून राहू नये. वेब चेक-इन घरूनच करून त्याची छापील प्रत जवळ ठेवल्यास रांगेतला वेळ वाचतो.

खरी अडचण मराठी नावांची आहे. आधारवर स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव अशी तिन्ही नावे असतात, पारपत्रात त्यांची विभागणी वेगळी होते, आणि आरक्षण करणारा भाचा घाईघाईत दोनच नावे टाकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत आधार सासरच्या नावाचे आणि पारपत्र माहेरच्या नावाचे असणे तर फारच सर्रास आढळते. नियम सोपा आहे: जे ओळखपत्र टर्मिनलवर दाखवणार, त्यावरील स्पेलिंगप्रमाणेच आरक्षण करावे. चूक लक्षात आली तर ती टर्मिनलवर सुधारता येईल या भरवशावर न राहता निघण्याच्या काही दिवस आधीच कंपनीकडून लेखी सुधारून घ्यावी.

६. सिंगापूरहून क्रूझ घेतली तर व्हिसा कोणकोणते लागतात?

पारपत्राची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. सिंगापूरला विमानाने उतरून, जहाजाने बाहेर जाऊन पुन्हा सिंगापूरलाच परतणे म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश करणे. त्यामुळे व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करावी. त्याखेरीज जहाज ज्या ज्या देशाच्या बंदरात थांबणार आहे त्या प्रत्येकाचा नियम पाहावा, आणि ‘आम्ही तिथे खाली उतरणारच नाही’ हे कारण पुढे करू नये, कारण आवश्यक व्हिसा नसेल तर मुळात जहाजावरच चढू दिले जात नाही. सिंगापूरचे आगमनपत्र पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत.

आई किंवा वडील यांपैकी एकटेच मुलाला घेऊन जात असतील, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र सोबत ठेवावे. विमानाने जाणार असाल तर जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोचावे. हा नियम मी कधी मोडत नाही.

७. आतली खोली स्वस्त आहे. झोपण्यापुरतीच तर लागते, मग ती का घेऊ नये?

तरुण जोडप्याने खुशाल घ्यावी. आतल्या केबिनला खिडकी नसते आणि दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. सकाळचे सात आहेत की रात्रीचे दोन, हे घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नाही. लहान मुले त्यात उशिरापर्यंत झोपतात, हा काही पालकांना फायदाच वाटतो. ज्येष्ठांना मात्र कोंडल्यासारखे होते, आणि दुपारी दोन तास पडायची सवय असलेल्या माणसाला समुद्र दिसणारी खिडकी फार उपयोगी पडते. सज्जाची खोली सर्वांत सुखाची, पण धडपड्या मुलांच्या पालकांनी तिथे एक मिनिटही नजर हलवू नये आणि कठड्याजवळ खुर्ची ठेवू नये.

चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे वर असतात. आजी-आजोबांना त्यांत बसवण्यापेक्षा शेजारच्या दोन खोल्या घ्याव्यात. नकाशा पाहून आणखी एक काळजी घ्यावी: तरणतलावाच्या किंवा नाचगाण्याच्या दालनाच्या बरोबर खालची खोली नको, कारण पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर येतो.

८. जाहिरातीत दिसणारी किंमत आणि शेवटी भरावी लागणारी रक्कम यांत इतका फरक का पडतो?

जाहिरातीतला दर बहुधा दोघांच्या खोलीतील एका व्यक्तीचा असतो. त्यावर बंदर शुल्क, कर आणि बहुतेक कंपन्यांकडून दर रात्री दर माणशी सेवाशुल्क आकारले जाते. एकटा प्रवास करणाऱ्याला जवळजवळ दोघांचे पैसे पडू शकतात, तर त्याच खोलीतील तिसऱ्या आणि चौथ्या व्यक्तीला सवलत मिळते. खोली, मुख्य उपाहारगृहातले जेवण, बहुतेक कार्यक्रम आणि तलाव दरात धरलेले असतात. मद्य, शीतपेये, खास उपाहारगृहे, स्पा, इंटरनेट, छायाचित्रे आणि बंदरातील सहली सहसा वेगळ्या. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर) घेतला जातो, तो नंतर आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचे कार्डच सगळीकडे दाखवायचे आणि हिशेब शेवटी होतो. मुलांच्या कार्डावरील खरेदी पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात सांगून बंद करावी. आमच्या घरातील एका दहा वर्षांच्या मुलाला ‘कार्ड दाखवले की मिळते’ म्हणजे ‘फुकट मिळते’ असे दोन दिवस वाटत होते.

९. बोट लागू नये म्हणून काय करावे?

मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखी स्थिरके असतात, त्यामुळे ते लाँचपेक्षा पुष्कळच कमी डोलते. म्हणूनच गेटवे ते मांडवा लाँचने जाऊन घेतलेली ‘परीक्षा’ फारशी उपयोगी नाही. तिच्यात नापास झालेली माणसे क्रूझवर आरामात जेवताना पाहिली आहेत. ज्यांना एसटीच्या घाटातही मळमळते, त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन मागावी. फळीचे टोक जसे मध्यापेक्षा अधिक वरखाली होते, तसेच जहाजाचे टोकही होते.

गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर ती पोटात टिकत नाही. यातील बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्या बाधू शकतात. म्हणून ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलांसाठी आपल्या डॉक्टरांना विचारूनच त्या न्याव्यात. उपाशी राहू नये, तसेच तेलकटही खाऊ नये. आल्याची वडी जवळ असावी. मळमळू लागताच बंद खोलीत फोनकडे बघत पडण्याऐवजी मोकळ्या डेकवर येऊन क्षितिजावर नजर ठेवावी.

१०. आम्ही शाकाहारी आहोत, घरात एक जण जैन पद्धतीने जेवतो आणि आजीची एकादशी येते. जेवणाचे काय?

मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण सहज मिळते. सिंगापूरच्या जहाजांवरही भारतीय प्रवासी भरपूर असल्यामुळे शाकाहारी पदार्थ असतात, पण जैन जेवण आरक्षणाच्या वेळीच लेखी नोंदवावे लागते. उपवासाचे मात्र कोणी गृहीत धरू नये: फळे, दूध आणि दही मिळेल, साबुदाण्याची खिचडी मिळेलच असे नाही. घरी शिजवलेले अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. बंद वेष्टनातला राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की सहसा चालते.

सर्वांनी मिळून वाढून घेण्याच्या ठिकाणी जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांवर नुसते सॅनिटायझर पुरत नाही.

११. बाळाला नेता येते का? आणि गरोदरपणात?

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, आणि सलग बरेच दिवस समुद्रात असलेल्या फेऱ्यांसाठी ही अट एक वर्षाची असते. गरोदर स्त्रियांना प्रवासाच्या कोणत्याही दिवशी चोविसावा आठवडा लागत असेल तर साधारणतः प्रवेश मिळत नाही. आठवडे निघण्याच्या तारखेपर्यंत नव्हे, तर परतण्याच्या तारखेपर्यंत मोजावेत, आणि तारीख नमूद केलेले डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे.

मुलांचे खेळघर बहुधा तीन वर्षांपुढील आणि लंगोट सुटलेल्या मुलांसाठी असते. लंगोट लावलेल्या बाळाला तरणतलावात सहसा उतरू देत नाहीत. तलावावर जीवरक्षक असेलच असे धरून चालू नये. मुलांसोबत पालकांपैकी एकाने पाण्याजवळ थांबावेच.

१२. वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना झेपेल का?

जहाजावर झेपते, कारण सर्व मजल्यांना लिफ्ट असते. प्रश्न बंदराचा असतो. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागते आणि शिडीवरून चालत उतरता येते. लक्षद्वीपमध्ये प्रवाळ आणि उथळ खाजणांमुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरावे लागते. जहाज आणि बोट दोन्ही हलत असताना ते पाऊल टाकणे दुखऱ्या गुडघ्यांना अवघड जाते, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणेच रद्द होते. त्यामुळे पहिल्या वेळी अशा कुटुंबाने गोव्याची फेरी निवडावी, असे मी सुचवीन. चाकांची खुर्ची लागणार असेल तर तसे आरक्षणातच सांगावे आणि केबिनच्या दाराची रुंदी विचारून घ्यावी.

१३. लक्षद्वीपसाठी आणखी काही वेगळे नियम आहेत का?

होय. तिथे जाण्यासाठी बाहेरच्या भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढते, पण त्यासाठी लागणारे अर्ज आणि कागदपत्रे तिने सांगितलेल्या मुदतीत द्यावी लागतात. परदेशी पारपत्र असलेली नातवंडे सोबत असतील तर त्यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आरक्षणापूर्वीच विचारावे. बंगाराम वगळता बेटांवर मद्यबंदी आहे. मुलांना वाळूतले प्रवाळाचे तुकडे खिशात घालायचा मोह होतो. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते आणणे गुन्हा ठरतो.

१४. सामानात काय न्यावे, आणि काय नेल्यास अडवले जाते?

मोठ्या बॅगा टर्मिनलवर ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनपाशी पोचायला कित्येक तास लागू शकतात. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत सर्व औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, कागदपत्रे, चष्मा, मुलांचा एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे ठेवावेत. इस्त्री, पाण्याची किटली, विजेची शेगडी, मेणबत्ती, निरांजन, उदबत्ती यांवर आगीच्या भीतीने बंदी असते. रोजची पूजा करणाऱ्यांना दिवा लावल्यावाचून नमस्कार करावा लागेल. बाहेरचे मद्यही नेता येत नाही. केबिनमधील सॉकेट अनेकदा आपल्या गोल तीन पिनांचे नसते, तेव्हा जोडणी बदलणारा अॅडाप्टर न्यावा. वातानुकूलन कडक असते, शाल हवीच.

१५. फोन चालतो का? आणि बंदरात फिरायला उतरून उशीर झाला तर जहाज थांबते का?

किनारा दूर गेला की आपले सिमकार्ड बंद पडते आणि फोन जहाजाच्या उपग्रह-जाळ्याला जोडला जाऊ शकतो, ज्याचे दर नेहमीच्या रोमिंगपेक्षा फारच जास्त असतात. म्हणून जहाज सुटताच फोन विमान-स्थितीत टाकावा आणि हवे तर जहाजाचे वायफाय विकत घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: कंपनीनेच नेलेल्या सहलीची गाडी अडकली तर सहसा थांबते, स्वतःहून फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. मुरगाव ते पणजी हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे आणि सुट्टीच्या दिवसांत रस्ता तुंबतो, तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या निदान दीड तास आधी परतायला निघावे. परदेशात तर फोनमधील घड्याळ बंदरानुसार आपोआप बदलते आणि जहाजाचे बदलेलच असे नाही. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे. आपण मागे राहिलोच, तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला असतो.

१६. आम्ही अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. पारपत्रातील व्हिसाची मुदत संपली आहे, पण आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) वैध आहे. मायामीहून बहामाची क्रूझ चालेल का?

इथे बरेच जण फसतात. वैध आय-९४ असताना मुदत संपलेल्या व्हिसावर तीस दिवसांच्या आत परत येण्याची सवलत एच-१बी धारकांना कॅनडा आणि मेक्सिको यांपुरतीच आहे. बहामासारख्या लगतच्या बेटांची सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (विनिमय कार्यक्रम) व्हिसाधारकांसाठी आहे. म्हणजे विद्यार्थी असलेला धाकटा भाऊ बहामाहून परत येऊ शकतो, नोकरी करणारा मोठा भाऊ येऊ शकत नाही, जरी दोघे एकाच केबिनमध्ये असले तरी. सवलतीला अन्य अटीही आहेत, आणि तिकडे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ती जाते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी वकिलाशी बोलावे. भारतातून भेटीला आलेल्या आई-वडिलांना न्यायचे असेल तर त्यांचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना ते पाहावे, आणि क्रूझहून परतल्यावर त्यांच्या मुक्कामाचे नवे सहा महिने सुरू होतील असे समजू नये.

१७. शेवटच्या रात्री आणि उतरल्यावर काय लक्षात ठेवावे?

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या रात्रीतच नेल्या जातात. सकाळचे कपडे, चपला, औषधे आणि पारपत्रे बाहेर काढल्याशिवाय बॅगा दाराबाहेर ठेवू नयेत. आमचे एक मेहुणे सदऱ्याखाली रात्रीची पट्टेरी विजार घालून टर्मिनलबाहेर पडलेले आहेत.

उतरल्यावर काहींना पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते, विशेषतः डोळे मिटून आंघोळ करताना. शरीराने जहाजाच्या हालचालीशी जुळवून घेतलेले असते, ती सवय सुटायला वेळ लागतो. हे बहुधा एक-दोन दिवसांत थांबते. आठवड्यांपर्यंत टिकले तर डॉक्टरांकडे जावे. ज्यांना असे वाटत असेल त्यांनी त्या दिवशी स्वतः गाडी चालवत बोरघाट चढू नये, पुण्यापर्यंत रेल्वेने जावे.